४८ अंड्यांची मशीन: १८ दिवस झकास, पुढचं चांदीला विचारा

नागपुरात हुडकेश्वरला आमच्या घरामागं खुराडा आहे, नऊ देशी कोंबड्या. कॉटन मार्केटच्या बाजूच्या एका दुकानातून नोव्हेंबरात अंडी उबवायची मशीन आणली. थर्माकोलचा डबा, ४८ अंडी मावतात, अंडी आपोआप फिरतात, साडेचार हजार रुपये. पाचपैकी तीन तारे.

आधी चांगलं सांगतो. अंडी फिरवायची कटकट मिटली. ३ डिसेंबरला ४२ अंडी ठेवली, आठव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून पाहिलं, सहा वांझ निघाली. बाकीच्यांत शिरांचं लाल जाळं दिसत होतं. तापमानाचा आकडा ३७.७ दाखवत होता. पण खात्री म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवला, तर तो ३६.९! दुकानदार म्हणे, "भाऊ, एवढं चालते." नाही चालत. एकवीस दिवस कमीजास्त होत राहिलं तर पिल्लं उशिरा निघतात, नाहीतर निघतच नाहीत. सेटिंग वाढवून घेतली, तेव्हा कुठं जमलं.

आता मुख्य गोष्ट. विसावा दिवस, पहाटे पाचला लाइन गेली. डिसेंबरातली नागपूरची थंडी तुम्हाला माहीतच आहे. लाइन गेली की वाजणारा अलार्म आहे असं डब्यावर छापलंय, पण तो वाजतो लाइन असेपर्यंतच! आता काय म्हणावं बाप्पा. मला जाग आली ती डब्यातून येणाऱ्या चिवचिवाटानं. एकही कवच फुटलेलं नव्हतं, तरी आतून मोठ्यानं, घाईघाईनं चीं चीं चीं. वर गोधडी टाकली, गरम पाण्याच्या दोन बाटल्या बाजूला ठेवल्या. अर्ध्या तासात आवाज मऊ पडला, मग थांबला.

सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, मामा, शेवटच्या दोनेक दिवसांत पिल्लाची चोच अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत शिरते, फुप्फुसानं श्वास सुरू होतो, म्हणून आवाज काढता येतो. स्वतःचं अंग गरम ठेवायची ताकद त्याला अजून आलेली नसते. म्हणून गार पडलं की ओरडतं, ऊब मिळाली की गप्प होतं. बटेरची पिल्लं तर अंड्यातूनच टकटक करत एकमेकांशी वेळ जुळवतात आणि जवळजवळ एकदम बाहेर येतात म्हणे.

आणि छपरीत डाल्याखाली आमची कोंबडी चांदी बसली होती. खुडूक होऊन, म्हणजे उबवायला ठाण मांडून, दहा दिवस झालेले, दोन प्लास्टिकच्या अंड्यांवर. डब्यातला आवाज ऐकून तीही कुक कुक करायला लागली, पिसं फुगवली, खालची अंडी चोचीनं सरकवली. बिचारीची अंडी काय बोलणार! मला तिच्यासमोर लाजच वाटली.

त्याच सकाळी ३६ पैकी १२ अंडी तिच्याखाली सरकवली. उरलेली २४ मशीनमध्येच. चांदीच्या १२ मधून ११ निघाली, मशीनच्या २४ मधून १७. एकाच खेपेचा हिशोब आहे, तुमचा वेगळा येईल. पण एक पाहिलं: अंड्यातून कुरकुर आली की चांदी बूड जरा हलवायची, पंख सैल करून परत बसायची, हळूच कुकायची, आणि आतला आवाज बदलायचा. मशीनच्या पंख्याचा आवाज इतका, की पिल्लू ओरडलं तरी आपल्यालाच ऐकू येऊ नये.

घ्यायची असेल तर इन्व्हर्टरवर चालणारी घ्या, थर्मामीटर वेगळा ठेवा, अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद करून डब्यात पाण्याची वाटी वाढवा. घरी खुडूक कोंबडी असेल तर शेवटचे तीन दिवस बारा अंडी तिला द्या, देशीच्या पोटाखाली तेवढीच नीट मावतात.

अलार्म बदलून द्या म्हणून दुकानात दोनदा जाऊन आलो. "कंपनीला कळवलं" एवढंच ऐकलं. चांदीनं मात्र ११ पिल्लं घेऊन अंगणातली मेथी सगळी उकरून काढलीये.