द्रव दाट करणारी झँथन गमची पावडर : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वडिलांना पाणी पिताना ठसका लागू लागला, तेव्हा तपासणी करून वाचोपचारतज्ज्ञांनी त्यांना कोणतेही पेय दाट केल्याशिवाय देऊ नये असे सांगितले. पातळ द्रव घशातून इतक्या वेगाने उतरतो की दुबळ्या झालेल्या स्नायूंना श्वासनलिकेचे तोंड वेळेवर झाकता येत नाही; तोच द्रव दाट असला की सावकाश सरकतो आणि स्नायूंना सवड मिळते. पहिले तीन आठवडे आम्ही स्टार्चची पावडर वापरली आणि पुढचे सात महिने झँथन गमची वापरत आहोत.

स्टार्चच्या पावडरीने पाणी गढूळ होई, तोंडात पिठूळ चव रेंगाळे आणि पेला अर्धा तास तसाच राहिला की त्यातले पाणी खळीसारखे होई. पण खरा धोका याच्या उलट बाजूला होता. लाळेतील अमायलेज हे विकर स्टार्च तोडते, त्यामुळे वडिलांनी थोडेसे पिऊन बाजूला ठेवलेल्या पेल्यात लाळ मिसळून उरलेले पाणी पुन्हा पातळ झालेले आम्ही दोनदा पाहिले. बद्धकोष्ठतेवरची पॉलिइथिलीन ग्लायकॉल असलेली औषधेही स्टार्चने दाट केलेल्या पेयात मिसळल्यास ते पातळ होते. ज्यांच्या घरी ही दोन्ही एकाच वेळी चालू आहेत, त्यांनी हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे.

झँथन गमवर लाळेचा असा परिणाम होत नाही. कोबीवर काळा कुजरोग आणणाऱ्या झँथोमोनास कँपेस्ट्रिस या जिवाणूकडून साखर आंबवून घेऊन हा पदार्थ तयार करतात, हे वाचून वडिलांनी पहिल्या दिवशी पेला परत सरकवला होता. पण पाणी स्वच्छ दिसत होते आणि चव बदललेली नव्हती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार केली नाही. त्यांची तक्रार आजही एकच आहे, ती गिळगिळीतपणाची, आणि ती रास्त आहे. या द्रवाचा विशेष असा की ढवळताना किंवा जिभेने ढकलताना तो सैल होतो आणि स्थिर राहिला की पुन्हा दाटतो. टूथपेस्टमध्ये आणि तेलविहिरी खोदताना वापरल्या जाणाऱ्या चिखलात झँथन घालतात ते याच गुणासाठी : पंप चालू असताना चिखल वाहता राहतो आणि पंप थांबला की दगडाचा चुरा तळाशी न बसता अधांतरी राहतो.

मिसळण्याची रीत मात्र शिकून घ्यावी लागते. आमची पावडर आधी टाकून मग पाणी ओतले, तर बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात व त्या कितीही ढवळले तरी फुटत नाहीत. काट्याने पाणी फिरवत राहून पावडर वरून थोडी थोडी भुरभुरावी. पाणी काही मिनिटांत दाट होते. दुधाला बराच अधिक वेळ लागतो. हे ठाऊक नसल्याने आम्ही एकदा दूध पातळच राहिले असे समजून आणखी एक माप टाकले आणि पाव तासाने पेला उपडा केला तरी दूध पडेना.

डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. गिळण्यास त्रास होणाऱ्यांच्या खाण्यापिण्यासाठी ठरवलेल्या आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मापदंडात पेयांच्या ० (पातळ) ते ४ (अतिशय दाट) अशा पातळ्या आहेत आणि त्या तपासायला ठरावीक मापाची १० मिलीलिटरची सिरिंज पुरते. ती दहाच्या खुणेपर्यंत भरून खालचे तोंड १० सेकंद मोकळे सोडायचे. १ ते ४ मिलीलिटर उरले तर पातळी १, ४ ते ८ उरले तर पातळी २. वडिलांसाठी २ ठरली होती. पहिल्या महिन्यात आम्ही प्रत्येक नवे पेय असे तपासले, आणि आमचा डोळा किती वेळा चुकतो हे पाहून ओशाळलो. जास्त दाट म्हणजे जास्त सुरक्षित असेही नाही, कारण फार दाट घोट घशात मागे चिकटून राहतो.

या पावडरीचा सर्वांत मोठा दोष डब्यावर लिहिलेला नसतो. दाट पाण्याने तहान भागल्यासारखी वाटत नाही, म्हणून माणूस कमी पितो. वडिलांच्या लघवीचा रंग गडद होऊ लागल्यावर आम्ही दिवसाचे पेले मोजून लिहू लागलो. तान्ह्या बाळांसाठी ही पावडर स्वतःच्या मनाने तर मुळीच वापरू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधील आतड्याच्या गंभीर आजाराच्या संदर्भात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली अशाच एका उत्पादनाबद्दल इशारा दिला होता.

गेल्या महिन्याच्या तपासणीनंतर वडिलांची पातळी २ वरून १ वर आली. आता माप निम्मे लागते, १० सेकंदांनी सिरिंजमध्ये तीनच्या खुणेजवळ पाणी उरते आणि पेला पूर्वीपेक्षा लवकर रिकामा होतो.