डी.एल.एड. पदविका: वर्गासाठी पुरेशी, भरतीसाठी अपुरी

बारावीनंतर एका खासगी अध्यापक विद्यालयातून मी प्राथमिक शिक्षक होण्यासाठीची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका पूर्ण केली. गावात तिला अजूनही डी.एड.च म्हणतात.

या अभ्यासक्रमाची खरी कमाई म्हणजे सरावपाठ. पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, तपासून घेतल्याशिवाय आमच्या अध्यापकाचार्या वर्गात पाऊल ठेवू देत नसत. दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी मी फळ्यावरच उरकली, तेव्हा पाठ फसल्याचे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि दशकाचा गठ्ठा सोडून सुट्या काड्या मुलांच्याच हाताने मोजून घ्यायला लावल्या. तो एक तास मला पुस्तकातल्या अनेक प्रकरणांपेक्षा अधिक शिकवून गेला. उणीव एवढीच की आमचे सगळे पाठ एका वेळी एकाच इयत्तेला झाले. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात, पोषण आहाराच्या नोंदी आणि यू-डायस या सरकारी प्रणालीत शाळेची माहितीही भरावी लागते, याचा सराव कोणी दिला नाही.

नोकरीच्या बाबतीत मात्र विद्यालयाने आम्हांला जवळजवळ वाऱ्यावर सोडले. पहिली ते पाचवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो, त्यात खुल्या प्रवर्गाला १५० पैकी ९० गुण हवेत. बालमानसशास्त्राचा अभ्यास तिथे उपयोगी पडतो. पण शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची गुणवत्ता ठरते ती टेटवर, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीवर. (दोन्ही नावांत आमच्या सूचनाफलकाचाही गोंधळ होत असे.) तिथे १२० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, आणि ज्या परीक्षेवर नेमणूक अवलंबून आहे तिचा एकही तास आमच्या वेळापत्रकात नव्हता. त्यासाठी बाहेरच्या क्लासची फी वेगळी भरावी लागली. शिवाय ही चाचणी दरवर्षी होईलच असे नाही: २०१७च्या डिसेंबरनंतर ती थेट २०२३च्या सुरुवातीला झाली आणि त्यानंतर २०२५मध्ये. या मधल्या वर्षांचे नियोजन घरच्यांना आधीच समजावून सांगितलेले बरे. निवड झाली तरी आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे ठरावीक मानधनावर, काढावी लागतात. प्राथमिकसाठीचे ६,००० रुपयांचे मानधन २०२३मध्ये १६,००० झाले, एवढाच दिलासा.

पदविकेच्या बाजूने एक गोष्ट निश्चित आहे. ऑगस्ट २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य धरली नाही, त्यामुळे पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर बी.एड.पेक्षा हाच मार्ग सरळ आहे.

पाचपैकी तीन तारे. माझ्या मावसबहिणीला यंदा प्रवेश घ्यायचा आहे. सरावपाठांच्या शाळांत एखादी द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे का आणि टेटची तयारी करून घेतात का, हे दोन प्रश्न विद्यालयाच्या कार्यालयात आधी विचार आणि मगच फी भर, असे मी तिला सांगितले आहे.