आगाऊ रक्कम देण्याच्या नावाखाली माझे ८,००० रुपये गेले

मी गोव्यातल्या फोंड्यात राहते आणि लोकांच्या मागणीनुसार त्यांच्या कुत्र्यांची जलरंगातील चित्रे काढून विकते. खेळात रंगलेला कुत्रा क्षणभरही स्थिर राहत नसल्यामुळे हे काम छायाचित्रांवरूनच करावे लागते. पुढचे पाय जमिनीला टेकवून आणि मागचा भाग उंचावून तो खेळायला बोलावतो, तेव्हाची पाठीची कमान आणि डोळ्यांतली चमक साधली, तरच घरच्यांना त्यात आपला कुत्रा दिसतो. म्हणून त्याचे नाव, त्याच्या खोड्या, कोणता कान दुमडलेला असतो, हे मी आधी विचारते आणि लोक ते भरभरून सांगतात.

गेल्या पावसाळ्यात वास्कोला नौदलात अधिकारी असल्याचे सांगणाऱ्या एका माणसाने लाटांत उड्या मारणाऱ्या लॅब्रॅडॉरची तीन छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. ८,००० रुपये ही किंमत त्याने घासाघीस न करता मान्य केली, परंतु कुत्र्याविषयीच्या माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. मी तिथेच थांबायला हवे होते. निम्मी रक्कम आगाऊ देतो, असे सांगून त्याने क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून मी पिन टाकला, तेव्हा माझे ५ रुपये गेले आणि लगेच १० रुपये आले, त्यामुळे माझा विश्वास बसला. पुढच्या कोडने खात्यातून ४,००० रुपये गेले. चूक झाली, दोन्ही रकमा एकदम परत येतील, असे म्हणत, फोन ठेवू न देता, त्याने तिसरा कोड स्कॅन करायला लावला आणि आणखी ४,००० गेले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी ना कोड स्कॅन करावा लागतो ना पिन टाकावा लागतो, हे त्या घाईत मला सुचले नाही.

त्याच संध्याकाळी मी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी व्यवहारांचे तपशील घेऊन रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात गेले. दुसऱ्या वेळची रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली आहे, पहिली त्याआधीच काढून घेतलेली होती. ती छायाचित्रे गूगल लेन्सवर शोधली असता एका परदेशी संकेतस्थळावर सापडली. हे शोधायला दोन मिनिटेही लागली नाहीत.

आता आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्याचे बँकेच्या नोंदीत पाहिल्याशिवाय मी चित्रासाठी कागद ओला करून फळीवर ताणायला घेत नाही. त्या लॅब्रॅडॉरचे रेखाटन, फेसासाठी कोरी सोडलेली जागा तशीच ठेवून, अजून फळीवर आहे.