शनीची कडी आणि माझे २३,४९९ रुपये

दिवाळीनंतर खान्देशात आकाश निवळते, आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये मला ग्रहांच्या छायाचित्रणासाठी आठ इंची, २०३२ मिलिमीटर नाभीअंतराची दुर्बीण घेण्याची घाई झाली होती. एका संकेतस्थळावर ती ६२,००० रुपयांत दिसली. विक्रेता लष्करातला, नुकतीच बदली झालेला, ओळखपत्राचा फोटो हाताशी तयार. पुढचे नाटक आपणा सर्वांना पाठ आहे, मलाही होते.

तरीही फसलो, कारण त्याचे बोलणे जाणकाराचे होते. मिनिटभराच्या चित्रफितीतून हजारो फ्रेम घेऊन त्यांतल्या निवडक एकावर एक कशा रचतात, हे त्याने न अडखळता सांगितले. "काल रात्रीच याच दुर्बिणीतून टिपला," म्हणून शनीचा फोटो पाठवला. कडी कशी ऐसपैस, परातीसारखी पसरलेली! तो फोटो मी घरात सर्वांना कौतुकाने दाखवला. पृथ्वीने २३ मार्च २०२५ रोजी त्या कड्यांचे प्रतल ओलांडले होते, नोव्हेंबरातही कडी जवळजवळ कडेनेच, जेमतेम रेषेएवढी दिसत होती, आणि हेच मी आठवड्यापूर्वी शाळेत फळ्यावर काढून शिकवले होते. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. त्याच मुलखातल्या मास्तरला जुना फोटो ओळखता आला नाही. नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बसवायचा सूर्यफिल्टर तो फुकट देणार होता. असा फिल्टर उष्णतेने तडकतो, फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावरच हवा, हेही ठाऊक असून मी गप्प राहिलो.

आगाऊ १८,५०० रुपये भरले, मग "परत मिळणाऱ्या" विम्याचे ४,९९९. तिसऱ्यांदा २,३६० मागितले तेव्हा थांबलो. विक्रेत्याकडे आजच्या चंद्राचा फोटो मागा. उजेड-अंधाराची सीमा रोज सरकते, कालचे चित्र आज चालत नाही. अमावास्या असेल तर चार दिवस थांबा, दुर्बीण पळून जात नाही.

लाजेपोटी मी दोन दिवस दवडले, ही चूक कबूल. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधीच गोठवता येते. पण त्यानंतर जे झाले त्याला काय म्हणावे? बँकेने "पिन तुम्हीच टाकला" म्हणून हात झटकले, पोलीस ठाण्याने जिल्ह्याच्या कार्यालयात पाठवले, त्यांनी परत ठाण्यात, आणि पाचव्या फेरीला एक साहेब हसून म्हणाले, "गुरुजी, शनीचीच साडेसाती म्हणायची!" अर्जावर अजून "प्रक्रियेत" एवढाच शेरा आहे. ती जाहिरात मी दोनदा कळवूनही तशीच आहे. किंमत ५८,००० झाली, गाव बदलले. फोटो मात्र तोच, परातीएवढ्या कड्यांचा.