कंट्रोलरचे गट मजल्यानुसार करावेत की यंत्रणेनुसार?
एका इमारतीची देखभाल पाहणाऱ्या सहकाऱ्याने विचारले, की बॅकनेट या इमारतीतील उपकरणांच्या संवाद-पद्धतीवरचे कंट्रोलर (उपकरणे चालवणारे छोटे नियंत्रक) मजल्यानुसार जोडावेत, की दिवे, पंप, एअर हँडलिंग युनिट (वातानुकूलित हवा खेळवणारे यंत्र) अशा यंत्रणेनुसार.

केबलच्या खर्चात मजल्यानुसार मांडणी सरस ठरते. एमएस/टीपी या बॅकनेटच्या प्रकारात वापरली जाणारी आरएस-४८५ केबल एका कंट्रोलरमधून पुढच्यात जाते. ती मजल्यापुरती राहिली तर शाफ्टमधून मजल्यावरच्या राउटरसाठी (मजल्याची केबल मुख्य नेटवर्कला जोडणाऱ्या उपकरणासाठी) नेटवर्क केबल नेणे पुरते, उलट यंत्रणेनुसार मांडणीत प्रत्येक यंत्रणेची केबल मजल्यामागून मजले चढत जाते.

मला मात्र बिघाडाचा निकष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केबल तुटल्यास पहिल्या मांडणीत एका मजल्याचाच संपर्क जातो, आणि तंत्रज्ञाला शोध कुठे घ्यायचा हे लगेच कळते. दुसऱ्या मांडणीत अनेक मजल्यांवरचे दिवे एकाच वेळी देखरेखीबाहेर जातात. वेगात फारसा फरक नाही: टोकन, म्हणजे केबलवर बोलण्याची पाळी, दोन्हींत क्रमानेच फिरते, त्यामुळे टोकन घेणाऱ्या मास्टर कंट्रोलरना ० ते १२७ पत्ते उपलब्ध असले तरी एका केबलवर कंट्रोलर गच्च भरू नयेत, नाहीतर प्रत्येकाची पाळी उशिरा येते.

वेळापत्रक किंवा सेटपॉइंट (तापमानासारखे ठरवून दिलेले मूल्य) बदलताना यंत्रणेनुसार गट निःसंशय सोयीचे असतात. परंतु तसे गट सॉफ्टवेअरमध्येही करता येतात, त्यासाठी केबल तशी ओढण्याची गरज नसते.

म्हणून मजल्यागणिक वेगळे भाडेकरू असलेल्या इमारतीला मजल्यानुसार जोडणी योग्य आहे, तर चिलर (पाणी थंड करणारे यंत्र), पंप आणि कूलिंग टॉवर जवळजवळ असलेल्या प्लांटला यंत्रणेनुसार जोडणी मानवते.