क्लिओपात्राची स्मरणशक्ती

मी जर्मनमधून भाषांतरं करते. ऑफिस म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमधलं बाल्कनीजवळचं टेबल. एका जर्मन ग्राहकाची अट पडली की कागदपत्रं मेलनं येतील-जातील ती एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता येणार नाहीत अशी, म्हणून विंडोजवर जीपीजीफोरविन हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात या डिजिटल किल्ल्या सांभाळणारी क्लिओपात्रा येते आणि आउटलुकमध्ये बसणारं जीपीजीओएल. डाउनलोड करताना देणगी मागतात, पण शून्य निवडलं तरी मिळतं. मी पहिल्यांदा शून्यच निवडलं होतं, पुढे लाजेखातर थोडे पाठवले.

एन्क्रिप्शनबद्दल तक्रार नाही. मेल उघडायचं, पासफ्रेज, म्हणजे किल्लीचा लांबलचक पासवर्ड, टाकायची, वाचायचं. मी लिहितेय ते ही पासफ्रेज कॉम्प्युटरच्या किती वेळ लक्षात राहते त्याबद्दल, कारण तिथे मी दोनदा तोंडावर आपटले.

मूळ सेटिंग 600 सेकंदांचं आहे. दहा मिनिटं किल्लीला हात लागला नाही की पासफ्रेज विचारणारी चौकट पुन्हा हजर. पेटंटमधलं एक धड वाक्य सोडवायला मला तेवढा वेळ लागतो! त्यात माझी पासफ्रेज म्हणजे आजीच्या तोंडचं एक अख्खं वाक्य, रोमन लिपीत आणि मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं. एकदा ती सलग दोनदा चुकली. तिसऱ्या आणि शेवटच्या प्रयत्नाआधी डोळ्याचं चिन्ह दाबून पाहिलं, तर कीबोर्ड मराठीवर राहिलेला. ठिपक्यांवरून काय कळणार?

मग क्लिओपात्राच्या सेटिंगमध्ये शिरले. जीपीजी सिस्टीममध्ये खाजगी किल्ल्यांचं एक पान आहे, तिथे आकडा बदलता येतो. सगळा हिशोब सेकंदांत, आणि पासफ्रेजला तिथे ‘पिन’ म्हटलंय, त्यामुळे आपलं पान हेच का, अशी शंका येते. हेच. मी 14400 घातले, म्हणजे चार तास. तरी दोन तासांनी चौकट आलीच. आकडे दोन असतात, हे तेव्हा कळलं. पहिला दर वापरागणिक नव्यानं मोजायला लागतो. दुसरा कमाल मर्यादेचा, तो पासफ्रेज टाकल्या क्षणापासून चालू होतो आणि मध्ये कितीही मेलं उघडलीत तरी मागे जात नाही. तो मुळात 7200 असतो. मी वैतागून दोन्हीकडे 86400 ठोकले. दिवसभर कटकट नाही.

पंधरवडा मजेत गेला. मग एका रविवारी भाचा आला, त्याला तिकिटाचं प्रिंट काढायचं होतं. मी पोह्यांना फोडणी देत होते, आउटलुक बंद केलेलं होतं, म्हटलं घे लॅपटॉप. त्यानं तिकीट स्वतःला मेल करायला आउटलुक उघडलं आणि ओरडला, “मावशी, हे पंपाचं ड्रॉइंग कुणाचंय?” ग्राहकाचं गोपनीय मेल स्क्रीनवर उघडं, आणि पासफ्रेज कुणी विचारलीच नव्हती.

कारण ती आउटलुक लक्षात ठेवतच नाही. जीपीजी-एजंट नावाचा वेगळा प्रोग्रॅम मागे गुपचूप चालू असतो, पासफ्रेज त्याच्याकडे असते. मेलचा प्रोग्रॅम बंद केल्यानं त्याला काही फरक पडत नाही. चूक सर्वस्वी माझी, आकडा मीच घातला होता.

थंडरबर्ड या मेलच्या दुसऱ्या प्रोग्रॅमची तऱ्हा वेगळी. 2020 च्या 78 व्या आवृत्तीपासून त्याचं ओपनपीजीपी, म्हणजे याच प्रकारचं एन्क्रिप्शन, आतच आहे. प्रायमरी पासवर्ड (पूर्वी त्याला मास्टर पासवर्ड म्हणत) लावला असेल तर तो एकदा दिला की प्रोग्रॅम बंद करेपर्यंत चालतो. मेल वाचून लगेच बंद करणाऱ्याला ते सोयीचं. माझं मेल सकाळी उघडतं ते रात्रीच मिटतं, मला घड्याळवालंच बरं.

आता पहिला आकडा 1800 ठेवलाय, दुसरा परत 7200 वर. अर्धा तास मला पुरतो. शिवाय एजंटला बंद करणारी एका ओळीची कमांड नोटपॅडमध्ये लिहून फाइल डेस्कटॉपवर ठेवलीय. एजंट गेला की पासफ्रेजही गेली, आणि पुढचं मेल उघडताना तो आपोआप पुन्हा सुरू होतो. फाइलचं नाव ठेवलंय ‘विसर’. भाच्याला लॅपटॉप देण्याआधी मी तिच्यावर दोनदा क्लिक करते. तो समजतो, मावशी ब्राउझरची हिस्टरी पुसते.