साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी, कोलकाता : कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

सुट्टीत कोलकात्याला जाणाऱ्या आणि छायाचित्रणाची आवड असणाऱ्या प्रत्येकाने १७६७ साली सुरू झालेल्या या दफनभूमीसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. पिरॅमिड, उंच निमुळते स्तंभ आणि खांबांवर पेललेले घुमट इथे इतके दाटीवाटीने उभे आहेत की अरुंद वाटेवरून अख्खे थडगे चौकटीत बसवायला वाइड अँगल लेन्सच लागते. एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स (मृत्यू १७९४) यांचा उत्तुंग स्तंभ टिपताना तर कॅमेरा वर झुकवावाच लागतो, आणि मग कडा तिरक्या येतात.

मला सर्वाधिक भावली ती 'हिंदू स्टुअर्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट (मृत्यू १८२८) यांची देवळाच्या घाटाची समाधी. तिचे कोरीव प्रवेशद्वार जवळून, सावकाश पाहावे. तिरप्या उजेडात त्यावरचे नक्षीकाम विलक्षण उठून दिसते. बहुतेक थडगी विटांची असून गिलावा निघालेल्या जागी शेवाळ धरले आहे, आणि हा पोत ढगाळ हवेत फार सुंदर येतो. भर दुपारी मात्र झाडांच्या सावलीचे कवडसे चित्र बिघडवतात. कवी डेरोझिओ यांची कबरही इथेच आहे. कॅमेऱ्याबाबतचे नियम फाटकावरच विचारून घ्यावेत, डासांपासून बचावाचे मलम सोबत ठेवावे आणि नेमक्या कोनासाठी थडग्यांवर चढणे कटाक्षाने टाळावे, कारण हा गिलावा फार नाजूक झाला आहे.